एबीएसचा दिवा पेटला? पार्ट बदलण्याआधी वायर बघा

आज बोलायचंय डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या दिव्याबद्दल. एबीएसच्या. चावी फिरवली की हा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. विझला नाही, तर समजायचं की एबीएस बंद आहे. साधे ब्रेक लागतच असतात, त्यामुळे ‘बघू नंतर’ म्हणत लोक महिनोन्महिने तसेच फिरतात. मग पावसात कल्याण-शीळ रोडवर पुढची रिक्षा अचानक थांबते, तुम्ही ब्रेक दाबता, चाकं जाम होतात आणि गाडी सरळ घसरत जाते. स्टिअरिंग कितीही फिरवा, उपयोग नाही. एबीएस असतं ते नेमकं याच क्षणासाठी.

बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आपल्याकडे कारच्या नव्या मॉडेल्सना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं झालं. म्हणजे आता साध्या हॅचबॅकमध्येही ते असतं आणि बिघडतंही.

काम सोपं आहे. प्रत्येक चाकाजवळ एक स्पीड सेन्सर. चारही चाकांचा वेग कंट्रोल युनिटकडे जातो. एखादं चाक जाम व्हायला लागलं की युनिट त्या चाकाचा ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करतं. एका सेन्सरचा सिग्नल गेला, तरी अख्खी यंत्रणा सहसा बंद होते.

आता मुद्दा. स्कॅनर लावला आणि सी-००३५ असा कोड आला. अर्थ : पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. सर्किट म्हटलंय, सेन्सर नाही! आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर लॉग वाचतो ना, तसंच हे. लॉग सांगतो प्रोग्राम कुठे पडला. का पडला ते आपणच शोधायचं. सर्किटमध्ये सेन्सर, वायर, कनेक्टर आणि युनिट असं सगळं येतं.

मग क्रम कसा ठेवायचा?

एक, बॅटरी आणि फ्यूज. व्होल्टेज कमी पडलं तरी एबीएसचा कोड येतो. इंजिन बंद असताना साधारण साडेबारा, चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत.

दोन, कोड लिहून ठेवा, मगच पुसा. स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो.

तीन, लाइव्ह डेटा. मोकळ्या सरळ रस्त्यावर हळू गाडी चालवा. स्क्रीन शेजारच्याने बघायची, ड्रायव्हरने नाही. तीन चाकं वीस दाखवतायत आणि एक शून्य? आपला संशयित सापडला.

चार, वायर. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगसोबत वाकते आणि खड्ड्यात सस्पेन्शनसोबत हलते. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटलेलं, असं होतं. कनेक्टर उघडून हिरवट गंज दिसतो का बघा. मग वायर हलवत लाइव्ह डेटा बघा.

पाच, आता सेन्सर. जुन्या पॅसिव्ह सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत तो हजार ओहमच्या आसपास असतो. नव्या अॅक्टिव्ह सेन्सरवर मात्र ओहम मोजू नका, तो खराब होऊ शकतो. त्याला युनिटकडून व्होल्टेज येतंय का ते बघा. आणि बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर विचारा : काही गाड्यांत चुंबकाची रिंग बेअरिंगमध्येच असते. ते उलटं बसलं की सेन्सर चांगला असूनही सिग्नल मिळत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना एका गॅरेजने सरळ अख्खं एबीएस युनिट बदलायला सांगितलं होतं. आकडा ऐकून ते गाडीच विकायला निघाले. शेवटी निघाला गंजलेला कनेक्टर.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर हँडब्रेक उतरलाय ना आणि ब्रेक ऑइल पुरेसं आहे ना ते बघा. तरी विझत नसेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. आणि सेकंडहँड गाडी घेताना चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटतो का, हे आवर्जून बघा. पेटतच नसेल, तर कोणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. न पेटणारा दिवा हा पेटलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा.

गॅरेजमध्ये गेलात की एकच प्रश्न विचारा : ‘पार्ट बदलायच्या आधी वायर तपासली का?’ चला, भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.