दोन रुळांमधील सांधा



दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे आगगाडी निघाली आणि सुमारे ३४ किलोमीटरच्या त्या प्रवासाने भारतातील प्रवासी रेल्वेचा आरंभ झाला. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्या गाडीच्या तीन इंजिनांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु ती इंजिने ज्या रुळांवरून धावली ते रूळ एकमेकांस कसे जोडले होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः लोहमार्गाची सुरक्षितता ज्या काही गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत रुळांच्या सांध्याचे स्थान फार वरचे आहे. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके. तसेच जोडलेल्या रुळांचे बळ त्यांच्या सांध्याइतके.

सांध्यात फट कशासाठी?

पोलाद उष्णतेने प्रसरण पावते व थंडीने आकुंचन पावते, हे शाळेच्या पुस्तकात असते. लोहमार्गावर या साध्या नियमाचे काय होते ते पाहण्याजोगे आहे. विदर्भातील उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सियसवर गेले असता उघड्यावर तापणारा रूळ ६० अंशांपर्यंत पोहोचतो. हिवाळ्याच्या पहाटे तोच रूळ १० अंशांवर उतरतो. या ५० अंशांच्या फरकाने १३ मीटर लांबीच्या एका मोकळ्या रुळाची लांबी सुमारे साडेसात मिलिमीटरने बदलते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा असता तर तो अर्ध्या मीटरहून अधिक लांबला असता. या वाढीला वाट मिळाली नाही, तर तापलेला मार्ग बाजूस सरकून नागमोडी होऊ शकतो. म्हणून दोन रुळांच्या टोकांमध्ये थोडी फट ठेवण्याची पद्धत पडली.

मात्र फट ठेवताच दुसरा प्रश्न उभा राहिला. आरंभीच्या काळात दोन्ही रुळांची टोके एकाच बिडाच्या खुर्चीत टेकवून ठेवीत. चाक एका टोकावर आले की ते टोक खाली दबे आणि पुढच्या रुळाचे टोक वर राही. चाक त्यावर आदळे आणि प्रत्येक गाडीगणिक दोन्ही टोके ठेचली जात.

एका पट्टीची कामगिरी

यावर १८४७ मध्ये विल्यम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज अभियंत्याने उपाय शोधला व त्याचे पेटंट घेतले. सांध्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून टोके एकत्र बांधण्याची ही युक्ती होय. जहाजाच्या मोडक्या डोलकाठीला आधारासाठी बांधीत त्या लाकडाला इंग्रज खलाशी ‘फिश’ म्हणत. त्यावरून या पट्टीला ‘फिशप्लेट’ हे नाव मिळाले. माशाशी तिचा काही संबंध नाही. आज खेड्यातील माणूसही हा शब्द सहज वापरतो.

फिशप्लेटची रचना विचारपूर्वक केलेली आहे. ती रुळाच्या मधल्या उभ्या भागाला चिकटून बसत नाही. रुळाच्या डोक्याची खालची उतरती बाजू आणि पायाची वरची उतरती बाजू यांच्यामध्ये ती पाचरीसारखी बसते. बोल्ट आवळले की पाचर घट्ट होते आणि दोन टोके मिळून भार उचलू लागतात. रुळांतील भोके बोल्टांपेक्षा किंचित मोठी असतात. त्यामुळे रूळ उन्हाळ्यात थोडा पुढे व हिवाळ्यात थोडा मागे सरकू शकतो. वर्षातून एकदा, थंडीच्या कोरड्या दिवसांत, हे सांधे उघडून, साफ करून व वंगण लावून पुन्हा बसविण्याची शिस्त याचसाठी आहे. गंजून जाम झालेला सांधा सरकत नाही, आणि न सरकणारा सांधा उन्हाळ्यात दगा देतो.

जुन्या पद्धतीच्या मार्गावर गाडीत ऐकू येणारा ठेका हा या सांध्यांचाच. शिक्षकांनी मुलांना सहलीत करून दाखवावा असा एक प्रयोग येथे सुचतो. रूळ १३ मीटरचे असतील, तर ४७ सेकंदांत आपल्या डब्याखाली जितके सांधे वाजतात, जवळजवळ तितकाच गाडीचा ताशी किलोमीटरमधील वेग असतो. एकाच सांध्यावर लागोपाठ पडणारे चाकांचे ठोके एकच धरावयाचे. गणित सोपे आहे आणि मुले ते विसरत नाहीत.

ठेक्याची किंमत

कानाला गोड वाटणारा हा ठेका लोहमार्गाला मात्र महाग पडतो. प्रत्येक ठोका म्हणजे रुळाच्या टोकावर बसलेला घणाचा घाव. त्याने टोके झिजतात, सांध्याखालची खडी दबते, स्लीपर खाली बसतात, बोल्ट सैल होतात आणि बोल्टांच्या भोकांपासून बारीक चिरा निघतात. १३ मीटरचे रूळ धरले तर एकेरी मार्गाच्या एका किलोमीटरमध्ये दोन्ही ओळी मिळून सुमारे १५४ सांधे येतात. प्रत्येकी चार बोल्ट धरल्यास सहाशेहून अधिक बोल्ट झाले. यांतील प्रत्येक बोल्टावर कोणाची तरी नजर असावी लागते.

ही नजर चुकली तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये घडले. १२ जुलै २०१३ रोजी पॅरिसजवळील ब्रेतिन्यी स्थानकात एक गाडी रुळांवरून घसरली. सांधेबदलाच्या जागी असलेल्या एका फिशप्लेटचे बोल्ट निकामी झाले होते. उरलेल्या एका बोल्टाभोवती ती पट्टी फिरून चाकांच्या वाटेत अडकली. सात माणसे प्राणास मुकली. रेल्वेच्या तंत्रात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशातील ही घटना आहे.

वितळजोडाचा मार्ग

सांधा दुर्बळ असेल तर तो नाहीसाच का करू नये, या विचारातून वितळजोडकाम पुढे आले. कारखान्यात वीजप्रवाहाने टोके तापवून व दाबून रूळ जोडले जातात. १३ मीटरचे २० रूळ जोडून २६० मीटरचा एकसंध रूळ तयार करण्याची पद्धत भारतात रूढ आहे. प्रत्यक्ष मार्गावर मात्र थर्मिट पद्धत उपयोगी पडते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ती ट्रामच्या रुळांसाठी वापरली गेली.

या पद्धतीत दोन टोकांमध्ये २५ मिलिमीटर अंतर ठेवतात, दोन्ही रूळ सरळ रेषेत आणतात, भोवती साचा बसवितात आणि टोके तापवितात. वर मुशीत ॲल्युमिनियम व लोहाचे ऑक्साइड यांची भुकटी असते. ती पेटविताच ॲल्युमिनियम लोहाशी असलेला ऑक्सिजन ओढून घेते आणि दोन हजार अंशांहून अधिक उष्णता निर्माण होते. वितळलेले पोलाद जड असल्याने तळाशी बसते, मळी वर तरंगते. पोलाद साच्यात उतरते आणि दोन टोकांचा एक जीव होतो. पुढे जादा धातू छाटून पृष्ठभाग घासून सपाट करतात.

तथापि डोळ्यांना सुबक दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. टोके पुरेशी तापली नाहीत, साचा ओला राहिला किंवा घाई झाली, तर आत दोष राहतो. म्हणून श्राव्यातीत ध्वनीने जोड तपासतात, आणि तो निर्दोष ठरेपर्यंत फुगीर आकाराची फिशप्लेट लावून त्याला आधार देतात. जोडाजवळ महिना, वर्ष व वेल्डरचा संकेतांक कोरला जातो. काम करणाऱ्याची जबाबदारी पोलादावरच लिहून ठेवण्याची ही रीत इतर खात्यांनीही विचारात घेण्याजोगी आहे.

प्रसरण गेले कोठे?

येथे एक शंका स्वाभाविक आहे. फटी बुजविल्या, मग उन्हाळ्यात वाढणारी लांबी जाते कोठे? उत्तर असे, की लांब जोडरुळाच्या टोकांकडील भाग थोडा सरकतो व त्यासाठी तेथे खास प्रसरण-सांधे असतात. मधला भाग मात्र सरकूच दिला जात नाही. त्याची वाढ दाबाच्या रूपाने रुळातच कोंडली जाते. मीटरला ६० किलोग्रॅम वजनाच्या रुळात ३० अंशांच्या फरकाने ५० टनांहून अधिक बल साठते. उन्हाळ्यात हे बल रूळ वाकवू पाहते. थंडीत तेच उलटे होऊन रूळ ताणते व कच्चा जोड तोडू पाहते. म्हणून दोन्ही टोकांचा विचार करून ठरविलेल्या मधल्या तापमानातच रूळ पक्का केला जातो.

एवढ्या बलाला आवरून धरतात ते स्लीपर, त्यांच्या पकडी आणि सभोवतीची खडी. पूर्वी जो भार सांध्याच्या फटीने सोसला, तो आता खडीने सोसावयाचा आहे. सांधा गेला, दक्षतेची गरज गेली नाही. तिची जागा तेवढी बदलली.

ही गोष्ट रुळालगतच्या गावांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवी. गावातील एखाद्या कामासाठी रुळाकडेची चार पाट्या खडी उचलून आणणे हा कोणाला अपराध वाटत नाही. परंतु स्लीपरच्या कडेची खडी कमी झाली, की वैशाखातील दुपारी तोच मार्ग बाजूस सरकण्याचा धोका वाढतो. मार्गाच्या भरावाला लागून माती खणणे, पाण्याचा निचरा अडविणे हेही तितकेच घातक. फिशप्लेट वा बोल्ट भंगारात विकत घेणारा गावात कोणी असेल, तर पंचायतीने त्याकडे डोळेझाक करू नये. घातपाताच्या हेतूने रूळ किंवा स्लीपर काढणाऱ्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५० अन्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दक्षतेचा दुसरा भाग खात्याच्या माणसांचा आहे. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ उत्कल एक्सप्रेस घसरली आणि वीसहून अधिक प्रवासी मरण पावले. तेथे रुळाच्या दुरुस्तीचे काम पुरे झालेले नसताना गाडी त्यावरून आली. पोलाद, यंत्रे, नियम सर्व काही होते. काम करणारे आणि गाडी सोडणारे यांच्यातील सांधा मात्र जुळला नव्हता.

पहाटे हातोडी, पाना आणि झेंडे घेऊन आपल्या टापूतील रूळ पायी तपासणारा चावीवाला अनेकांनी पाहिला असेल. तो एखाद्या सांध्याशी थांबतो, वाकतो, बोल्ट आवळतो व पुढे जातो. त्याच वाटेने शेतावर किंवा शाळेत जाणाऱ्याला रुळात चीर दिसली, तर त्याने जवळच्या फाटकवाल्याला अथवा स्टेशनमास्तरला तत्काळ कळवावे. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांकही शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे. चावीवाला दिवसातून एकदा येतो. उरलेल्या वेळी तेथे गावच असते.