रसायन अभियांत्रिकीचा अभ्यास आणि आपला श्रावकाचार
(सुवर्ण महोत्सवी गुणगौरव समारंभातील भाषण)



शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांपुढे रसायन अभियांत्रिकीविषयी बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. ही शाखा निवडताना आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो आणि तो टाळण्यासारखा नाही. रसायनांचा कारखाना म्हणजे हिंसा. श्रावकाच्या मुलामुलींनी तेथे जावे काय? हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत विषवाणिज्य आहेच.

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ साली मँचेस्टर येथे १२ व्याख्याने दिली, तेथून हिचा आरंभ मानतात. प्रयोगशाळेत चंबूत जे साधते, ते टनांच्या प्रमाणात, सुरक्षितपणे व परवडेल अशा खर्चात कसे साधावे, हा तिचा विषय. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. माटुंग्याची तीच संस्था २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. ऊर्ध्वपातन, गाळण, वाळवण, उष्णतेचे वहन असे विषय येथे शिकावे लागतात. गणित कच्चे असणाऱ्याने घाबरू नये; मात्र ते कच्चे ठेवूही नये.

या अभ्यासाचा पाया म्हणजे पदार्थसंतुलन. १०० किलो कच्चा माल आत गेला आणि ८० किलो उत्पादन बाहेर आले, तर उरलेले २० किलो कोठे गेले, याचा हिशेब विद्यार्थ्याला द्यावाच लागतो. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या आजी पाणी गाळून थांबत नसत. गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत हळुवार सोडीत. अनास्तास व वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्यांतील पहिले तत्त्व कचरा निस्तारण्यापेक्षा तो होऊच न देण्याचे आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला सुमारे ४० टन मिथाईल आयसोसायनेट हवेत गेले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळणारा मनोरा नळाच्या दुरुस्तीमुळे निकामी होता. हजारो माणसे गेली. यंत्रणा कशी असावी हे ज्ञात होते; ती चालू नव्हती. प्रमाद म्हणतात तो हाच.

तरीही विषवाणिज्याचा आक्षेप एवढ्याने संपत नाही. कीटकनाशकांचा कारखाना हीही याच पदवीची एक वाट आहे आणि श्रावकाने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औषधे, सांडपाण्याचे शुद्धीकरण, सौरघटांसाठी लागणारे शुद्ध सिलिकॉन अशा वाटा मोकळ्या आहेत.

विश्वस्तांना विनंती, की पदवी चार वर्षांची आहे. शिष्यवृत्तीही चार वर्षांची असावी. आणि विद्यार्थ्यांनो, प्रशिक्षणासाठी कोणत्याही कारखान्यात गेलात, तर उत्पादन विभागाच्या आधी सांडपाण्याची टाकी पाहू द्या, असे सांगा.

जय जिनेंद्र.