बालवाडीतला ब्रश

स्कॉटलंडमध्ये २००३ साली पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ४५ मुलांच्या दातांना कीड लागलेली नव्हती. गरीब वस्त्यांत हाल अधिक होते. दुधाचे दात पडायचेच आहेत, मग कशाला काळजी, हा समज घातक आहे. दाढ ठणकू लागली की मूल जेवत नाही, झोपत नाही, आणि पुष्कळदा भूल देऊन दात काढावे लागतात.

गोड खाल्ले की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात. ते दाताच्या कठीण कवचातले क्षार विरघळवते. लाळ ही झीज भरून काढते, आणि फ्लोराइड असेल तर भरपाई लवकर व पक्की होते. त्यासाठी थोडे फ्लोराइड रोज दातांना लागले पाहिजे. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ पासून ते नळाच्या पाण्यातून दिले. स्कॉटलंडमध्ये मात्र १९८३ च्या न्यायालयीन निकालाने ती वाट अडली.

तेव्हा ‘चाइल्डस्माइल’ योजनेने बालवाडी गाठली. बाई प्रत्येकाला वाटाण्याएवढी पेस्ट देतात. मुले त्यांच्या नजरेसमोर दात घासतात, फेस थुंकतात. चूळ मात्र भरायची नाही, कारण पाण्याबरोबर दातांवरचे फ्लोराइडही जाते. ज्याचा त्याचा ब्रश खुणेचा, आणि एकाचा दुसऱ्याला लागणार नाही असा उभा ठेवलेला. जोडीला वर्षातून दोनदा दातांवर फ्लोराइडचा लेप. २०२० पर्यंत कीड न लागलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांचा वार्षिक खर्च तर २०१० पर्यंतच, नऊ वर्षांत, निम्म्याहून खाली आला होता. इतक्या साध्या उपायाचे हे फळ थक्क करणारे आहे.

महाराष्ट्रात पाण्यात फ्लोराइड मिसळणे योग्य नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडणाऱ्या पाण्याने वाढत्या वयात दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडेही आखडतात. अशा गावांत आधी पिण्याचे शुद्ध पाणी हवे. अन्यत्र अंगणवाडीत जेवणानंतर दात घासण्याचा नेम घालता येईल. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती गिळली जाऊ नये म्हणून मोठ्या माणसाने शेजारी उभे राहावे.