हरित वास्तूची वाट



आपल्या या हैदराबादेत २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राचे उद्घाटन झाले. त्या वास्तूतील चौक, जाळ्या आणि वारा खेचणारे मनोरे पाहताना वाटते, जुन्या वाड्यांचे शहाणपणच येथे शास्त्र होऊन उभे आहे.

तरुण मित्रहो, हे शास्त्र आज उपजीविकाही देते. वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी, स्थापत्यानंतर पर्यावरण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण किंवा ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा, अशा वाटा खुल्या आहेत. मात्र प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्याने वास्तू हरित होत नाही. माणसे राहू लागल्यावर तिचे पाणी आणि वीज मोजावी लागते. आपली चूक पुढची पिढी भोगणार, हे भान हीच या व्यवसायाची पहिली पात्रता होय.