बांधावरचा बैलबेडूक



गोराई-मनोरीची खाचरे असोत की आरेतल्या पाड्यांवरची, पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच रात्री डबक्यातून 'डरांव डरांव' सुरू होते. उन्हाळाभर मातीत गाडून घेतलेला बैलबेडूक वर आलेला असतो. नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो आणि मादीला साद घालतो. हा रंग थोड्याच दिवसांचा. मादी साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते.

नेमक्या याच रात्री काही मंडळी बत्त्या अन् पोती घेऊन निघतात. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागीच बसतो, हाताने उचलावा. दोन तंगड्यांसाठी अंड्यांनी भरलेली मादी पोत्यात जाते. पूर्वी या तंगड्या गोठवून परदेशी पाठवत. ती निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. बैलबेडूक पकडणे, मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आता आपल्या कामाचे. हा बेडूक भाताच्या पात्याला तोंड लावत नाही. हलेल ते गिळतो. टोळ, भुंगेरे, अळ्या, बांध पोखरणारे लहान खेकडे, उंदराची पिल्लेसुद्धा. लहान बेडकांनाही सोडत नाही, तेव्हा त्याला साधू समजू नका! त्याच्यामुळे सगळी कीड जाईल असेही मी म्हणणार नाही. खोडात शिरलेली अळी त्याला दिसतच नाही. पण रात्रभर राखण करणारा असा बिनपगारी गडी दुसरा कुठला मिळणार?

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. पाण्यातले औषधही त्याच वाटेने अंगात जाते. म्हणून फवारणीचा पंप डबक्यात किंवा ओहोळात विसळू नका. पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायला साधारण महिना लागतो. तेवढे दिवस बांधाकडचे डबके उपसू नका, बुजवू नका. डास होतील म्हणाल, तर ही पिल्ले डासांच्या अळ्याही खातात.

रात्री कोणी पोते घेऊन बांधावर दिसले, तर एकट्याने भांडायला जाऊ नका. चार जणांना हाक मारा आणि वनखात्याला कळवा. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानात त्यांचे कार्यालय आहे.