तारेखालच्या जमिनीचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



विजेच्या नव्या मोठ्या लाइनीसाठी मोजणीची माणसे गावात आली की सगळे एकच विचारतात, 'आमच्या वावरात टॉवर येतो का?' येत नाही म्हटले की माणूस घरी जाऊन निवांत झोपतो. मी म्हणतो, विचारायचे ते राहूनच जाते. कोरडवाहू माणसाचे टॉवरने जाते त्यापेक्षा तारेने जास्त जाते, आणि तारेचा हिशेब कोणी मागत नाही.

आधी ही लाइन कशासाठी ते पाहू. वीज दूर न्यायची तर दाब वाढवावा लागतो. दाब दुप्पट केला की तेवढीच वीज न्यायला तारेतला प्रवाह निम्मा पुरतो आणि वाटेतली गळती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून ४०० केव्ही, ७६५ केव्ही असे आकडे आपण ऐकतो. चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची ५०० केव्हीची लाइन १९९९ च्या सुमारास सुरू झाली. दीड हजार मेगावॅट वीज तिने मुंबईच्या दाराशी नेता येते. तिरोड्याहून कोराडी, अकोला करीत औरंगाबादकडे जाणारी ७६५ केव्हीची लाइन त्यानंतरची. कोळसा आपल्याकडचा, राख आपल्याकडे, तारा आपल्या वावरावरून, आणि आपला पंप मात्र रात्री लाइट येण्याची वाट पाहत बसलेला. या तारेला आकडा टाकून पंप चालत नाही हे खरे. तिचा दाब उतरवायला सबस्टेशनांची सगळी उतरंड लागते. ती उतरंड आपल्या तालुक्यात कधी उभी राहणार, हे लाइन आखणाऱ्यांना विचारायला हरकत नाही.

आता कायदा. धरणाला, रस्त्याला जमीन घेतात तेव्हा ती संपादन करतात. लाइनीसाठी तसे करीत नाहीत. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, शेतसारा तुम्हीच भरायचा, फक्त वापरावर बंधन येते. तारेखाली घर बांधता येत नाही, उंच वाढणारे झाड लावता येत नाही, बोअरची गाडी उभी करता येत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमाने १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार विजेच्या लाइनीला जोडून दिले. तार खात्याची तार २०१३ साली बंद पडली. इंग्रजाने तारेसाठी केलेला कायदा मात्र आपल्या धुऱ्यावर अजून उभा आहे. तो दुधारी आहे. शेतकऱ्याने अडवले तर जिल्हाधिकारी काम करू देण्याचा हुकूम देऊ शकतात. पण त्याच कायद्यात लिहिले आहे की नुकसान होईल तितके कमी करायचे आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते. ही दुसरी धार आपण वापरतच नाही.

भरपाईच्या सूचना केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली काढल्या. टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये त्या बदलल्या: पायाला २०० टक्के, ग्रामीण भागातल्या पट्ट्याला ३० टक्के. या सूचना आहेत, कायदा नव्हे. राज्य त्या फेरफार करून घेऊ शकते. म्हणून आपल्या लाइनीला कोणता शासन निर्णय लागू आहे, ते पहिल्याच दिवशी लेखी मागा.

आता पाटी-पेन्सिल घ्या. ४०० केव्हीच्या लाइनीचा पट्टा ४६ मीटर रुंद धरतात. तुमच्या वावरावरून ती शंभर मीटर गेली तर सुमारे साडेपंचेचाळीस गुंठे जमीन तिच्या बंधनात आली. एकराला चार लाख भाव धरू. टॉवरच्या पायाला तीन गुंठे लागले तर दुपटीने साठ हजार होतात. उरलेला पट्टा सुमारे साडेबेचाळीस गुंठे. त्याच्या किमतीचे ३० टक्के म्हणजे एक लाख सत्तावीस हजार. मोठी रक्कम कुठे आहे ते दिसले? टॉवर शेजाऱ्याच्या वावरात आणि तार तुमच्या, तरी हा हक्क तुमचाच. आणि सगळा हिशेब एकरी भावावर उभा आहे. सरकारी दर बाजारभावापेक्षा कमी असेल तर टक्केवारी कितीही वाढो, हातात कमीच पडणार. भांडण टक्क्याचे नाही, भावाचे करा.

पिकाची आणि झाडांची भरपाई यावेगळी. इथे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे, ती बागायतदाराकडे नाही. पऱ्हाटी उपटली, ज्वारी खळ्यात आली की मृगापर्यंत आपले रान मोकळे असते. पाये खोदणे, तार ओढणे त्या महिन्यांत करा, असे गावाने एकत्र ठराव करून सांगावे. वेचणी चालू असताना ट्रॅक्टर-क्रेन घातली तर कापूस मातीत जातो. पावसात घातली तर काळी जमीन अशी दाबली जाते की पुढे नांगर लागत नाही. खड्ड्यातला मुरूम वावरात पसरू देऊ नका. वरची काळी माती वेगळी ठेवायची आणि शेवटी वरच टाकायची, हे पंचनाम्यात लिहून घ्या.

मार्ग बदलून मिळतो का, असे विचारतात. मोजणी चालू असताना मिळू शकतो. लाइन जिथे वळते त्या ठिकाणी खुंटी पक्की झाली की मधले टॉवर एका रेषेत येतात. मग टॉवर बाजूला सरकत नाही, पण रेषेतच थोडा पुढे-मागे सरकू शकतो. वावराच्या मध्याऐवजी धुऱ्याजवळ आला तरी पाळी घालताना दरवर्षीचा त्रास वाचतो. काँक्रीट पडल्यावर काहीच होत नाही. वर्तमानपत्रातली हरकतीची जाहिरात म्हणूनच वाचायची असते. ती बारीक अक्षरात असते, आणि आपल्याकडे पेपर पुड्या बांधायला जातो.

तारेखाली कापूस घ्या, ज्वारी घ्या, हरकत नाही. तारेचे कुंपण असेल तर त्याला अर्थिंग करून द्यायला लावा, नाहीतर हाताला झटका बसतो.

आता या बैठकीतून उठलात की तीन गोष्टी करा. ज्यांच्या वावरात खुंट्या लागल्या आहेत त्यांनी सातबारा, आठ-अ आणि पीकपेऱ्याची नोंद काढून ठेवावी. उभ्या झाडांची मोजणी दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी आत्ताच करावी. आणि भरपाईच्या कागदावर एकट्याने अंगठा करू नये. सगळ्या गावाचे कागद एकाच दिवशी, चावडीवर, मोठ्याने वाचून मगच सह्या होतील असे मोजणीवाल्यांना आजच कळवावे.