अंगणांतील झाडाचीं दुखणीं
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं विहिरीच्या कांठीं एखादा माड व अंगणांत एखादा आंबा असतोच. त्यांच्या आजाराविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. आमचा अधिकार इतकाच कीं, एक झाड आम्हीं आपल्या निष्काळजीपणानें गमावलें आहे.

तो माड आमच्या वडिलांनीं लावलेला. पावसाळ्यांत त्याच्या बुंध्यावर तांबूस, चिकट रस ओघळलेला दिसला. पाऊस झिरपला असेल म्हणून आम्हीं तिकडे काणाडोळा केला. ऑक्टोबरांत मधल्या कोंवळ्या झावळ्या पिवळ्या पडल्या. नाताळच्या आठवड्यांत, वाऱ्याची झुळूकही नसतांना, शेंडा मोडून थेट विहिरीच्या कठड्यावर कोसळला. आमची नात घागर घेऊन नुकतीच तेथून घरांत आली होती.

हा उपद्रव सोंड्या भुंग्याचा. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा हा किडा झाडाच्या जखमेंत अंडीं घालतो आणि त्याच्या अळ्या आंतला गाभा पोखरतात. भोकांतून चघळलेला चोथा व रस बाहेर येतो. बुंध्याला कान लावला असतां कुरतडण्याचा आवाजही ऐकूं येतो. शेंडा कोमेजेपर्यंत थांबलें तर बहुधा उपाय उरत नाहीं, कारण माडाला वाढीचा कोंब एकच असतो. शिवाय आंब्याची साल जशी जखमेवर पुन्हा चढते, तशी माडाची जखम भरून येत नाहीं. चढण्यासाठीं खोडाला पाडलेल्या खांचा जन्मभर तशाच राहतात!

झावळी पंख्यासारखी त्रिकोणी कातरलेली दिसली, तर तो गेंड्या भुंगा समजावा. तो कोंब पोखरतो, आणि त्याच जखमेचा फायदा घेऊन सोंड्या आंत शिरतो. गेंड्याची पैदास शेणखताच्या उकिरड्यांत होते. तेव्हां माडाच्या उशाशीं उकिरडा ठेवणाऱ्यानें तक्रार कोणापाशीं करावी? खालची जुनी झावळी वाळून गळते, तें मात्र दुखणें नव्हे.

आंब्याची कोंवळी तांबडी पालवी पाहूनही घाबरूं नये. खोडाच्या भोकांतून लाकडाचा भुसा गळूं लागला व एखाद्याच फांदीचीं पानें सुकलीं, तर खोडकिड्याची अळी आंत शिरली आहे असें जाणावें. तारेनें ती ओढून काढावी, भोकांत रॉकेलचा बोळा घालावा व तें चिखलानें लिंपावें. बांडगूळ हिरवेंगार दिसतें म्हणून फसूं नये; नुसतीं पानें खुडून तें जात नाहीं, फांदीच्या खालच्या निरोगी भागापासून छाटावें लागतें.

सर्वांत भयंकर खूण बुडाशीं असते. तेथें भूछत्रें उगवलीं, तर मुळें किंवा गाभा कुजत असण्याचा फार संभव असतो. पोकळ झाडही पुष्कळ वर्षें जगतें, कारण त्याचा जिवंत भाग सालीखालीं असतो. म्हणून हिरवीं पानें पाहून तें भक्कम आहे असें मानूं नये. झाड नव्यानेंच कललें आणि विरुद्ध बाजूची माती भेगाळली, तर मुलांना तेथें क्षणभरही खेळूं देऊं नये, जाणत्या माणसास बोलवावें. हल्लीं अंगणभर लादी बसवून बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात, तें आम्हांस पाहवत नाहीं. मुळांना हवा व पाणी कोठून मिळावें?

आमच्या विहिरीजवळ आतां दुसरा माड आहे. त्याला खांचा पाडूं दिलेल्या नाहींत. नारळ शिडी लावून काढतों. दर रविवारीं मिस्साहून परतल्यावर नात त्याच्या बुंध्याला कान लावते, आणि आंत कांहीं नाहीं, असें आम्हांस येऊन सांगते.